ऐकू न येणाऱ्या आवाजाचा बंदोबस्त

परभणीत जिंतूर रस्त्यावरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेल्या हंगामात एक बारा इंची वूफर टेबलावर उताणा पडलेला पाहिला. कोन शाबूत, कडेचं रबर शाबूत, कॉइलला जळका वास नाही. पण कोन बोटांनी दाबला की आतून खर्रर्र आवाज यायचा. मिस्त्रीनं वूफर उलटा केला. मागचा पिवळा स्पायडर, म्हणजे कोनाला मधोमध तोलून धरणारी ती वळ्यावळ्यांची चकती, अर्ध्या घेरात चिकटवणीपासून सुटला होता. "गाणं लावलं की फडफडू लालता, पण आवाज येईना," गिऱ्हाईकाची तक्रार त्यानं जशीच्या तशी सांगितली.

वूफर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरचा होता. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या गोदाकाठच्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ड्रायव्हरला जागं ठेवायचं काम चहा आणि टेप हे दोघं मिळून करतात. आपल्याकडं कॅसेट जाऊन बरीच वर्षं झाली, तरी गाडीत वाजतो तो टेपच. या टेपाला जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर त्या वूफरशेजारीच पडला होता. त्याच्या पाठीला पाच गोल बटणं. गेन, लो पास आणि बेस बूस्ट या तिघांचे आकडे फिरवून फिरवून पुसट झालेले. फेजला क्वचित हात लागला असावा. पाचव्याच्या खाचेत मात्र धूळ तशीच बसली होती. त्यावर लिहिलं होतं, सबसॉनिक.

हे पाचवं बटण काय करतं आणि कुठं ठेवायचं, याची बाजारात तीन उत्तरं मिळतात. पहिलं, "ते बंदच ठेवा, बेस खातंय." दुसरं, "कंपनीनं दिलंय तसंच राहू द्या." तिसरं, "तीसवर लावा अन् विसरून जा." तिन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या गाडीत बरोबर ठरतात, म्हणून तिन्ही टिकून आहेत. कोणतं उत्तर कोणत्या गाडीला लागू पडतं, हे पाहायचं तर बटणापासून वूफरपर्यंत आणि वूफरपासून पेटीपर्यंत जावं लागतं.

नाव चुकीचं, काम खरं

सबसॉनिक या शब्दाचा खरा अर्थ ध्वनीच्या वेगापेक्षा हळू. तो विमानांच्या भाषेतला शब्द. ऐकू येण्याच्या खालच्या मर्यादेपेक्षाही खालच्या आवाजाला इन्फ्रासॉनिक म्हणायला हवं. पण अ‍ॅम्प्लिफायरवर पहिलं नाव छापलं गेलं आणि तेच रूढ झालं. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो असं आपण शाळेत शिकतो. खालच्या टोकाला कान फार बोथट असतो, हे मात्र शाळेत सांगत नाहीत. २० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाही सुमारे ७८ डेसिबलचा जोर लागतो. १,००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाच ऐकू येतो.

हा फिल्टर गाडीत आला तो तबकडीच्या जमान्यातून. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी एक फेरा १.८ सेकंदांत पुरा करते. तबकडीला थोडा बाक आला असला की सुई प्रत्येक फेऱ्याला वरखाली होते आणि सेकंदाला काही झोके एवढ्या संथ लहरी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरतात. नाट्यगीत सुरू असताना वूफरचा कोन श्वास घेतल्यासारखा मागेपुढे हलताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी हाच प्रकार पाहिला. असल्या लहरी अडवायला रंबल फिल्टर आले. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगानं तबकडीच्या प्रमाण-वक्रातच २० हर्ट्झच्या खाली काट सुचवली. पुढं तबकडी गेली आणि बाक गेला. पण गाडीत शेकडो वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर आणि भोक पाडलेल्या पेट्या आल्या, तेव्हा हाच फिल्टर नव्या नोकरीवर रुजू झाला.

नव्या नोकरीत शत्रू वेगळे आहेत. डीजेचा माइक हातात घेऊन कोणी "हॅलो, हॅलो" करत त्यात फुंकर मारली की ती फुंकर म्हणजे अतिखालच्या लहरींचा गठ्ठाच असतो. चालत्या ट्रॉलीवर माइकवर येणारा वाराही तसाच. आणि सगळ्यात घातक म्हणजे मोबाइलवरचे बेस टेस्टचे व्हिडिओ. त्यातला सूर मुद्दाम २० हर्ट्झच्या खालपर्यंत घसरत नेलेला असतो आणि पोरं तो पुऱ्या आवाजात लावतात.

कोनाची धाव

वूफर हवा ढकलून आवाज करतो. सूर जेवढा खालचा, तेवढी प्रत्येक झोक्यात जास्त हवा ढकलावी लागते. हिशेब सोपा आहे आणि निर्दयही. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली न्यायचा तर कोनाला चौपट धाव घ्यावी लागते. समजा ६० हर्ट्झला कोन २ मिलिमीटर हलतो. तर तोच जोर ३० हर्ट्झला हवा असेल तेव्हा त्याला ८ मिलिमीटर हलावं लागेल आणि १५ हर्ट्झला ३२. बाजारात मिळणाऱ्या साध्या बारा इंची वूफरला एका बाजूला आठ-दहा मिलिमीटरच्या पुढं नीट जाता येत नाही. त्यापुढं कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर पडते, स्पायडर ताणला जातो, मागं जाताना कॉइलचा काठ लोखंडावर आपटतो.

दुरुस्तीच्या दुकानात वूफरचे मृत्यू दोन प्रकारचे येतात. एक जळून. गेन आणि बेस बूस्ट चढवून अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर पिळला, कॉइल तापली, लाखेचा वास आला. दुसरा मोडून. स्पायडर सुटला, कोन फाटला, कॉइलची वायर तुटली, जळाल्याची खूण नाही. सबसॉनिक फिल्टर मुख्यतः दुसऱ्या मृत्यूवरचा इलाज आहे. तो फ्यूज नव्हे. पहिल्या प्रकारात त्याची मदत एवढीच की ऐकू न येणाऱ्या सुरांवर जाणारी वीज वाचते. टेबलावरचा वूफर दुसऱ्या प्रकारातला होता.

घागरीचं तोंड

आता पेटीकडं. पेट्या मुख्यतः दोन जातीच्या. एक सगळीकडून बंद. दुसरी पोर्टची, म्हणजे जिला पाइप किंवा लांबट फट असते. बंद पेटीत कोनामागची हवा कोंडलेली असते आणि ती स्प्रिंगसारखी वागते. कोन फार पुढं-मागं जाऊ लागला की ती त्याला परत ओढते. म्हणून बंद पेटीत वूफरला जन्मजात एक लगाम असतो.

पोर्टच्या पेटीचं तत्त्व घागरीचं आहे. रिकाम्या घागरीच्या तोंडावरून फुंकलं की ती एका ठरावीक सुरात घुमते. आतली हवा स्प्रिंग, तोंडातली हवा वजन, दोघं मिळून झोका. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात यावर काम केलं, म्हणून या झोक्याला त्याचं नाव आहे. पेटी ज्या सुरात घुमते त्याला ट्यूनिंग म्हणायचं. या सुराशी कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाजाचं बहुतेक काम पोर्टमधली हवा करते. म्हणून तेवढ्याच वॉटमध्ये पोर्टची पेटी जास्त वाजते. ट्रॅक्टरवर, पिकअपवर, डीजेच्या गाडीवर बंद पेटी सहसा दिसत नाही त्याचं कारण हेच.

याची किंमत ट्यूनिंगच्या खाली मोजावी लागते. तिथं पोर्ट हे नुसतं भोक उरतं. कोन पुढं गेला की हवा पोर्टातून आत, मागं गेला की पोर्टातून बाहेर. पुढची लहर आणि मागची लहर एकमेकींना खाऊन टाकतात. आवाज २४ डेसिबल प्रति सप्तक या उतारानं कोसळतो, बंद पेटीत तो १२ नं उतरतो. आणि मागं कोंडलेली हवा नसल्यामुळं कोनाला धरून ठेवायला फक्त स्पायडर आणि कडेचं रबर उरतं. कडी न लावलेलं दार वाऱ्यात आपटावं तसा तो आपटत राहतो. "फडफडू लालता, पण आवाज येईना" या एका वाक्यात पोर्टच्या पेटीचं सगळं शास्त्र आलं आहे. हेच शास्त्र ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गणितात बसवलं. आजही वूफरच्या खोक्यात मिळणाऱ्या कागदावर जे आकडे असतात, त्यांना थील-स्मॉल याच दोघांचं नाव आहे.

पेटीचं ट्यूनिंग ठरवतात तीन गोष्टी: आतलं घनफळ, पोर्टचं तोंड आणि पोर्टची लांबी. आपल्याकडं पोर्टला बहुधा शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप लागतो. ५० लिटरची पेटी, १० सेंटीमीटर व्यासाचा पाइप आणि दोन्ही टोकांची हवा धरून ३० सेंटीमीटर लांबी घेतली तर पेटी साधारण ३९-४० हर्ट्झला घुमते. तोच पाइप सुतारानं घाईत १० सेंटीमीटर आखूड कापला तर ट्यूनिंग ४८ च्या वर जातं. १५ सेंटीमीटर लांब ठेवला तर ३२ वर येतं. करवतीच्या एका फेऱ्यानं आठ-नऊ हर्ट्झचा फरक. आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरचं पाचवं बटण जे काही ठरवणार ते याच आकड्यावरून.

यात परभणीचं हवामानही हात घालतं. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की तो ३५८ च्या आसपास जातो आणि जानेवारीच्या पहाटे ८ अंशांत ३३६ वर येतो. म्हणजे ४० हर्ट्झची पेटी उसाच्या हंगामात आणि लगीनसराईत मिळून दोन-अडीच हर्ट्झ इकडची तिकडं होते. कानाला कळणार नाही एवढा हा फरक. पण एका हर्ट्झवरून हुज्जत घालणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

फिल्टरच्या पोटात

फिल्टरचं काम पाटाच्या दारासारखं आहे. एका पातळीच्या वरचं पाणी जाऊ द्यायचं, खालचं अडवायचं. विजेच्या भाषेत हे काम कपॅसिटर करतो. वेगानं बदलणारी वीज त्यातून सहज जाते, संथ वीज अडखळते. कपॅसिटरला जोडून एक रेझिस्टर लावला की अडवणुकीची रेषा ठरते. ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर ती रेषा ३४ हर्ट्झला पडते. दुकानात हे दोन्ही भाग मिळून काही रुपयांत येतात.

एका जोडीचा उतार मंद असतो, सप्तकाला ६ डेसिबल. तेवढ्यानं भागत नाही. म्हणून दोन किंवा चार जोड्या ऑप-अ‍ॅम्पभोवती गुंफतात. हा बांधा अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले सॅलन आणि की यांनी १९५५ मध्ये मांडला, तर उताराचा सपाट, बिनखड्ड्याचा आकार ब्रिटिश अभियंता बटरवर्थ यांनी १९३० मध्ये. डीजेच्या प्रोसेसरवर एलआर-२४ असं दिसतं त्यातला एल म्हणजे लिंकविट्झ. जन्म जर्मनीतला, नोकरी कॅलिफोर्नियात, सहकारी रायली यांच्याबरोबरचं काम १९७६ चं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांना दोन्ही टोकं एकाच डब्यात सापडतात ती अशी.

पाचवं बटण फिरवलं की आतले रेझिस्टर एकदम बदलतात आणि रेषा वरखाली सरकते. फिल्टर बसतो सिग्नल आत आल्यानंतर, पण ताकद वाढवणाऱ्या भागाच्या आधी. म्हणून नको ते सूर वाढवले जाण्याआधीच छाटले जातात आणि त्यांच्यावर बॅटरी खर्च होत नाही.

फिल्टरचा आकडा म्हणजे भिंत नव्हे, उतरण आहे. ३० हर्ट्झवर लावलेला २४ डेसिबलचा फिल्टर ३० ला ३ डेसिबल कापतो, म्हणजे तिथं ताकद निम्मी होते. ३५ ला जेमतेम १ डेसिबल जातो, तो कुणाच्या कानाला कळत नाही. २० ला १४ डेसिबल जातात. १५ ला पूर्ण २४, म्हणजे तिथं ताकदीचा अडीचशेवा हिस्सा उरतो. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमधला १२ डेसिबलचा फिल्टर २० हर्ट्झला फक्त ८ डेसिबल कापतो आणि ३५ ला मात्र जवळजवळ २ घेऊन जातो. नको तिथं जास्त खातो, हवं तिथं कमी अडवतो. 'बेस खातंय' ही तक्रार बहुतेक अशा फिल्टरवरून आली असावी.

तीन उत्तरांचा निवाडा

पहिलं उत्तर, बटण बंद ठेवा. बंद पेटीसाठी हे ठीक आहे. तिथं कोंडलेली हवा लगाम धरून आहे. तरी २० हर्ट्झवर ठेवलं तर नुकसान काहीच नाही. पोर्टच्या पेटीसाठी मात्र हे उत्तर म्हणजे स्पायडरशी जुगार. या बाजूनं एक शास्त्रीय मुद्दा मांडला जातो की फिल्टर आपल्या रेषेजवळ आवाज किंचित उशिरा सोडतो आणि ठोक्याची धार बोथट होते. तसं होतं, हे खरं आहे. पण पोर्टची पेटी स्वतःच तिथं बराच उशीर लावते, आणि इतक्या खालच्या सुरांत हा उशीर ओळखणं कानाला अवघड. वाजत्या ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी तर बोलायलाच नको.

दुसरं उत्तर, कंपनीनं दिलंय तसं. कंपनीला सुतारानं पाइप किती कापला ते ठाऊक नसतं. तिनं अ‍ॅम्प्लिफायर विकला, पेटी नाही.

तिसरं उत्तर, तीसवर लावा. ज्याची पेटी तेहतीस-पस्तीसला घुमते त्याच्यासाठी हे उत्तम. ज्याची ४८ ला घुमते त्याच्यासाठी ते अपुरं, कारण ३० ते ४८ हा सगळा धोक्याचा पट्टा उघडाच राहतो. आपल्याकडच्या आखूड पाइपांच्या पेट्यांना याच उत्तरानं सर्वांत जास्त फसवलं आहे. बटण लावलेलं असतं, मनाला समाधान असतं आणि वूफर तरी मोडतो.

जाणकारांमध्येही एक वाद आहे. काही म्हणतात, ट्यूनिंगच्या अर्धं सप्तक खाली लावा. काही म्हणतात, तीन ते पाच हर्ट्झच खाली. ४० च्या पेटीवर हिशेब करून पाहू. पहिल्या मतानं फिल्टर २८ वर येतो, दुसऱ्या मतानं ३५ वर. २४ डेसिबलच्या फिल्टरनं २५ हर्ट्झला पहिल्या मांडणीत साडेपाच डेसिबल कापले जातात, दुसऱ्या मांडणीत १२. कोनाच्या धावेत बोलायचं तर पहिल्यात ती निम्म्याहून थोडी जास्त उरते, दुसऱ्यात चौथाई. बदल्यात ४० हर्ट्झला दुसरी मांडणी सव्वा डेसिबल घेते. वूफर दणकट असेल, आवाज माफक असेल तर पहिलं मत चालेल. रात्रभर पुऱ्या जोरात वाजणाऱ्या गाडीला दुसरं मतच परवडतं. १२ डेसिबलचा फिल्टर असेल तर तो ट्यूनिंगलाच लावावा, खाली नको.

भोंग्याची गोष्ट निराळी, पण जातकुळी तीच. घोषणेच्या गाडीवरचा भोंगा आपल्या आकारामुळं एका सुराखाली हवेला पकडच घेऊ शकत नाही आणि आतला नाजूक पडदा मोकळा आपटू लागतो. भोंग्याला लावायची रेषा काहीशे हर्ट्झला असते. ३० हर्ट्झचा सबसॉनिक तिथं काही कामाचा नाही. वूफरच्या अ‍ॅम्प्लिफायरलाच भोंगा जोडून पडदे फाडून घेणारे दर निवडणुकीत भेटतात.

दोन चुका वारंवार दिसतात. एक, लो पास आणि सबसॉनिक यांची गल्लत. लो पास वरचे सूर कापतो, सबसॉनिक खालचे. लो पास ६० वर आणि सबसॉनिक ५० वर लावला की मधे दहा हर्ट्झची फट उरते आणि सगळी गाणी एकाच सुरात घुमतात. दुसरी, सबसॉनिक लावून वर बेस बूस्ट पूर्ण चढवणं. बूस्ट बहुधा ४५ हर्ट्झच्या आसपास असतो आणि १२ डेसिबल बूस्ट म्हणजे तिथं सोळापट ताकद. खालचा दरवाजा लावून शेजारची भिंत पाडल्यासारखं होतं ते.

कारचा सल्ला ट्रॅक्टरला

गाडीच्या आवाजाविषयीचा बहुतेक लिखित सल्ला बंद काचांच्या कारसाठी असतो. छोट्या कारच्या डब्यात साधारण ६०-७० हर्ट्झच्या खालचा बेस आपोआप फुगतो, कारण त्या लहरींपुढं डबाच लहान पडतो. ३० हर्ट्झची एक लहर साडेअकरा मीटर लांब असते. या फायद्यामुळं कारवाला पेटी खाली ट्यून करतो, सबसॉनिक २५ वर ठेवतो आणि त्याला तो बेस खरोखर ऐकू येतो.

ट्रॅक्टरला ना काचा, ना डबा. पिकअपच्या पाठीवर तर वर आभाळ. तिथं २५ हर्ट्झसाठी घाम गाळणं म्हणजे उघड्या माळावर अत्तर शिंपडणं. उघड्यावरच्या पेट्या ४० ते ४५ ला घुमणाऱ्या आणि फिल्टर त्याच्या जरा खाली, हेच शहाणपण. मोठ्या डीजे यंत्रणांतले अनुभवी लोक त्यांच्या अठरा इंची बेसला ३५-४० च्या खालचं काही पोचूच देत नाहीत, ते उगाच नाही.

विजेचाही हिशेब आहे. अनेक ट्रॅक्टरांवर १२ व्होल्टचा ३६ अँपिअरचा अल्टरनेटर असतो. ५०० वॉट खरी ताकद देणारा डी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. कमी पडतं ते बॅटरी देते, म्हणून ठोक्यागणिक हेडलाइट मंदावतो. अशा तंगीत ऐकूही न येणाऱ्या सुरावर अँपिअर उधळणं कुणालाच परवडत नाही.

आणि या सुरांत असतं तरी काय? हलगी, संबळ, ढोलकी यांचा जीव बराच वर आहे. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला, पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीसला. रोलँडच्या १९८० च्या टीआर-८०८ यंत्राचा गाजलेला ठोका ५० हर्ट्झच्या आसपासचा. जुन्या भीमगीतांत, लावण्यांत, भजनांत ४० च्या खाली सांगण्यासारखं काही नाही. फक्त रिमिक्सवाल्यांनी मुद्दाम घातलेला घसरता बेस तिथं उतरतो. ४० ची काट कोणत्या गाण्याचं काय नेते, हे एवढ्यावरून समजावं.

मीटरला न दिसणारं

एका प्रश्नाला फिल्टरकडं उत्तर नाही. तो प्रश्न शेजाऱ्याचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपुरती रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. पण हे डेसिबल 'ए' मापातले आहेत आणि हे माप मंद आवाज ऐकणाऱ्या कानाच्या बोथटपणावर बेतलेलं आहे. त्यात ३१.५ हर्ट्झच्या सुरातून ३९ डेसिबल वजा होतात, ६३ हर्ट्झच्या सुरातून २६. म्हणजे दारात ११० डेसिबलचा ३१.५ हर्ट्झचा दणका आला तर मीटर ७१ दाखवील. पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडतं आणि कागदावर आकडा बेताचाच.

सबसॉनिक फिल्टरमुळं वरात शांत होते असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. भिंती हलवणारा बेस बहुतांशी ४० ते ८० च्या पट्ट्यातला असतो आणि तो फिल्टरच्या वर आहे. तो कमी करायचं बटण गेनचं, आणि त्याच्यामागच्या माणसाचं.

ज्वारीचे दाणे

मग आपल्या पेटीचा सूर कळावा कसा? दुकानातल्या मिस्त्रीनं वूफर नव्या स्पायडरवर बसवून पेटीत घातला, पेटी पाठीवर निजवली, फिल्टर बंद केला, बूस्ट शून्यावर आणला, लो पास पूर्ण उघडला. मोबाइलमध्ये एकच सूर काढणारं फुकटचं अ‍ॅप घेतलं आणि आवाज अगदी बारीक ठेवला. मग डब्यातून चिमूटभर ज्वारी कोनावर टाकली. ६० हर्ट्झला दाणे लाह्यांसारखे उडत होते. ५५, ५२, ५०. उड्या मंद होत गेल्या. ४७ ला दाणे जागच्या जागी बसले आणि पोर्टपुढं धरलेल्या हाताला वाऱ्याची झुळूक लागली. ४२ ला दाणे परत नाचू लागले. ट्रॅक्टरवाला तीसचा सल्ला मानत आला होता, त्याची पेटी सत्तेचाळिसाची निघाली. पाइप मोजला तर हाताच्या वितीएवढाही नव्हता.

मिस्त्रीनं दोन पर्याय सुचवले. फिल्टर ४३ वर न्यायचा, किंवा लांब पाइप घालून पेटी चाळिसावर आणायची आणि फिल्टर ३५ ला. ट्रॅक्टरवाल्यानं पहिला घेतला, पाइपला वेळ नव्हता. खाचेतली धूळ फुंकून बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं बटण फिरवलं. त्याच गाण्याचा तोच तुकडा दोनदा लावला, फिल्टर नसताना आणि असताना. कोन पहिल्या वेळी लटपटला, दुसऱ्या वेळी ठोक्यापुरताच हलला.

"कायच फरक पडला नाही की," ट्रॅक्टरवाला नाराजीनं म्हणाला.

मिस्त्री पैसे मोजत होता. त्यानं मान हलवली आणि कोनावरचे दाणे उचलून डब्यात टाकले.